महासाथीतील विलगीकरण आणि एकाकीपणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२० मध्ये करोनाच्या महासाथीमुळे टाळेबंदी लागू झाली, तेव्हा पुण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना रोज ठरलेल्या वेळी दूरध्वनी करण्याचे काम आम्ही काही स्वयंसेवकांनी आपसांत वाटून घेतले. औषधे आणि किराणा वेळेवर पोहोचतो आहे ना, एवढे विचारण्यापुरते सुरू झालेले हे काम पुढे जवळजवळ दोन वर्षे चालले. त्या काळात आणि त्यानंतरही कुटुंबीयांनी, शिक्षकांनी, गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी आणि स्वतः ज्येष्ठांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. संशोधनातून जे पुढे आले आहे ते संशोधन म्हणून सांगितले आहे आणि जे केवळ आमच्या अनुभवातले आहे, ते अनुभव म्हणूनच सांगितले आहे.

एकटे राहणे, विलगीकरण आणि एकाकीपणा यांत फरक काय?

एकटे राहणे ही घरात माणसे किती, एवढ्यापुरती बाब आहे. सामाजिक विलगीकरण म्हणजे माणसाचा इतरांशी असलेला संपर्क प्रत्यक्षात कमी होणे. आठवड्यात किती जणांशी बोलणे झाले, घरी कोण येऊन गेले, रात्री-अपरात्री हाक मारावी असे कोणी आहे का, या प्रश्नांच्या उत्तरांतून ते बाहेरच्या माणसालाही कळू शकते. एकाकीपणा ही मात्र आतली जाणीव आहे. आपल्याला जेवढी आणि जशी सोबत हवी आहे तेवढी आणि तशी ती नाही, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. म्हणूनच वर्षानुवर्षे एकटा राहणारा एखादा मनुष्य तृप्त असू शकतो आणि आठ माणसांच्या घरातील सून एकाकी असू शकते. महासाथीत झाले असे, की विलगीकरण सर्वांवर एकाच वेळी आले, परंतु एकाकीपणा ज्याच्या त्याच्या परिस्थितीप्रमाणे कमी-अधिक वाट्याला आला.

मराठीत संसर्ग झालेल्या रुग्णाला वेगळे ठेवणे आणि संसर्गाचा संशय असलेल्या निरोगी माणसाला वेगळे ठेवणे, या दोन्हींना सर्रास ‘विलगीकरण’ म्हटले गेले. वैद्यकीयदृष्ट्या पहिले आयसोलेशन आणि दुसरे क्वारंटाइन आहे. या उत्तरांत हा शब्द अधिक व्यापक अर्थाने, म्हणजे माणसे माणसांपासून तुटणे या अर्थाने, वापरला आहे.

‘सामाजिक अंतर’ हा शब्दप्रयोग योग्य होता का?

आमच्या मते नव्हता. विषाणूला रोखण्यासाठी दोन शरीरांमध्ये अंतर हवे होते. समाजात अंतर पडण्याची कोणालाच गरज नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच ‘सामाजिक अंतर’ याऐवजी ‘शारीरिक अंतर’ असे म्हणण्यास सुरुवात केली, परंतु तोपर्यंत पहिला शब्द दुकानांच्या पाट्यांवर, दूरध्वनीच्या ध्वनिमुद्रित सूचनांमध्ये आणि सर्वांच्या तोंडी बसला होता. आपल्याकडे तर त्या शब्दाला आणखी एक कडवट अर्थ होता. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या काही माणसांना पाणवठ्यापासून आणि उंबरठ्यापासून दूर ठेवले गेले, तेथे ‘सामाजिक अंतर पाळा’ हे वाक्य सर्वांच्या कानांना सारखे ऐकू येणे शक्य नव्हते.

शब्दाचा परिणाम वर्तनावर होतो. अंतर सामाजिक आहे असे एकदा मनात बसले, की दारातून सहा फुटांवर उभे राहून विचारपूस करणेही अनेकांना नियमभंग वाटू लागले. मराठीत ‘सुरक्षित अंतर’ हा सरळ, निर्दोष शब्द उपलब्ध होता, आणि पुढे कधी वेळ आलीच, तर तोच वापरावा अशी आमची कळकळीची विनंती आहे.

एकाकीपणामुळे शरीरावर खरोखरच परिणाम होतो का? हा मनाचा खेळ नाही का?

शरीरावर परिणाम होतो, आणि महासाथीच्या कितीतरी आधीपासून हे माहीत होते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात ३ लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती होती आणि सरासरी साडेसात वर्षांचा काळ पाहिला गेला होता. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक आढळली. त्याच संशोधकांच्या २०१५ च्या विश्लेषणात सामाजिक विलगीकरणाचा संबंध मृत्यूच्या २९ टक्के वाढीव जोखमीशी आणि एकाकीपणाचा २६ टक्के वाढीव जोखमीशी असल्याचे दिसले. अशा अभ्यासांतून एक गोष्ट दुसरीचे कारण आहे असे थेट सिद्ध होत नाही, कारण आजारी माणसे मुळातच घराबाहेर कमी पडतात; तरीही आधीचे आजारपण, वय इत्यादी गोष्टी हिशेबात धरूनही हा संबंध शिल्लक राहतो.

हे घडते कसे, याचीही काही उत्तरे मिळाली आहेत. दीर्घकाळ एकटे पडलेल्या माणसाचे शरीर सतत सावध अवस्थेत राहते. ताणाशी संबंधित संप्रेरकांचे चक्र बिघडते, झोप तुटक होते, रक्तदाब वाढतो आणि शरीरातील दाह सौम्य पण कायम राहतो. याशिवाय साधी कारणेही आहेतच. जेवायला दुसरे कोणी नसेल तर स्वयंपाक होत नाही, चहा-बिस्किटांवर भागवले जाते; ‘गोळी घेतली का?’ असे विचारणारे कोणी नसेल तर गोळी चुकते. पडल्यावर उचलायला कोणी नसेल तर माणूस चालणेच कमी करतो आणि पायांतले बळ ओसरते.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील एका प्रयोगाचा येथे उल्लेख करावासा वाटतो. महासाथीच्या आधी केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ४० निरोगी प्रौढांना एक दिवस १० तास उपाशी आणि दुसऱ्या एका दिवशी १० तास माणसांपासून पूर्ण दूर ठेवण्यात आले. त्यानंतर मेंदूच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. उपाशी असताना अन्नाची छायाचित्रे पाहून मध्यमेंदूचा जो भाग उद्दीपित झाला, तोच भाग एकटेपणानंतर माणसे एकत्र असलेली छायाचित्रे पाहून उद्दीपित झाला. ‘माणसांची भूक’ ही आपल्याकडे बोलण्यातली गोष्ट होती. ती मेंदूतही भुकेच्याच जागी दिसली. १० तासांत जे दिसले, ते १० महिन्यांत किती खोल गेले असेल, याची कल्पना यावरून करता येईल.

मनावर कोणते परिणाम दिसून आले?

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार महासाथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंताविकार आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा होता, की २०२० या एका वर्षात नैराश्याचे ५ कोटी ३० लाख आणि चिंताविकाराचे ७ कोटी ६० लाख रुग्ण महासाथीमुळे वाढले, आणि त्यात स्त्रिया व तरुण यांना अधिक झळ बसली. ही सर्व वाढ केवळ विलगीकरणामुळे झाली असे म्हणता येणार नाही. आजाराची भीती, गेलेला रोजगार, जवळच्यांचे मृत्यू हे सारे एकाच वेळी येऊन कोसळले होते आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणे अशक्य आहे.

याआधीच्या साथींमधूनही पुरावा होता. २००३ मध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीत कॅनडातील टोरँटो येथे विलग ठेवलेल्या १२९ जणांच्या पाहणीत सुमारे २९ टक्के लोकांमध्ये मानसिक आघातानंतरच्या ताणाची आणि ३१ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली होती, आणि विलगीकरण जितके लांबले तितकी लक्षणे अधिक होती. म्हणजेच २०२० मध्ये निर्णय घेणाऱ्यांना हा धोका माहीत असणे शक्य होते.

ज्येष्ठांवर सर्वाधिक परिणाम झाला, असे का म्हटले जाते?

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी ६५ वर्षांवरील व्यक्तींना घरातच राहण्यास सांगितले होते, आणि टाळेबंदी शिथिल झाल्यावरही ही सूचना दीर्घकाळ कायम होती. विषाणूचा धोका वयाबरोबर वाढत होता, त्यामुळे ती सूचना चुकीची होती असे कोणी म्हणू नये. परंतु तिचा परिणाम असा झाला, की जून २०२० नंतर घरातली धाकटी माणसे हळूहळू बाहेर पडू लागली आणि ज्येष्ठ मात्र मार्चमध्ये होते तेथेच राहिले. ६० वर्षांवरील नागरिकांचे लसीकरण १ मार्च २०२१ रोजी सुरू झाले, आणि त्यानंतर लगेचच दुसरी लाट आली. पंच्याहत्तरीतल्या माणसासाठी ही दीड-दोन वर्षे उरलेल्या आयुष्याचा फार मोठा हिस्सा होती.

ज्येष्ठांचा दिवस बहुतेक वेळा छोट्या, न ठरवलेल्या भेटींनी भरलेला असतो. सकाळी दूध आणायला जाताना भेटणारा दुकानदार, बागेतला कट्टा, बँकेत पासबुक भरून घेताना होणारे बोलणे, देवळातले कीर्तन, भजनी मंडळ, हास्य क्लब, महिन्याची भिशी: यांतल्या कोणालाही आपण ‘आधार’ म्हणत नाही, पण दिवसाला आकार यांनीच येतो. टाळेबंदीत मुलांचे फोन वाढले, परंतु हे सर्व एकदम थांबले. आमच्या यादीतले अनेक ज्येष्ठ सांगत, की मुलगा रोज बोलतो, तक्रार कसलीच नाही, तरी दिवस सरत नाही. त्याचे कारण येथे होते.

मुंबई-पुण्यात काही काळ वृत्तपत्रेही घरी येणे बंद झाले होते. ब्याऐंशी वर्षांचे एक निवृत्त शिक्षक त्या दिवसांत रद्दीच्या गठ्ठ्यातून मागच्या वर्षीचा त्याच तारखेचा अंक शोधून काढत, सकाळी चहाबरोबर पहिल्या पानापासून शब्दकोड्यापर्यंत वाचत आणि घडी घालून पुन्हा जागेवर ठेवत. शब्दकोडे आधीच सोडवलेले असे, म्हणून ते आपलीच उत्तरे तपासून पाहत. फोनवर हे सांगताना त्यांच्या आवाजात खंत नव्हती. सकाळी काहीतरी हातात असले पाहिजे, एवढेच ते म्हणाले.

एका आजींना आम्ही दुपारी चार वाजता फोन करत असू. पहिल्या दोन-तीन शब्दांना त्यांचा आवाज फुटत नसे, त्या घसा खाकरत आणि मग स्पष्ट बोलू लागत. सर्दी झाली आहे का, असे काळजीने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “नाही हो, सकाळपासून बोललेच नाही ना कोणाशी.” चार वाजेपर्यंत आवाज वापरलाच गेला नव्हता. विलगीकरण म्हणजे काय, हे आम्हाला त्या घसा खाकरण्यातून जितके कळले, तितके नंतरच्या कुठल्याही वाचनातून कळले नाही.

ज्यांना कमी ऐकू येते, त्यांची अडचण फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. असे अनेक ज्येष्ठ समोरच्याच्या ओठांच्या हालचालींवरून अर्धे बोलणे समजून घेत असतात, आणि अनेकदा त्यांनाही ते ठाऊक नसते. मुखपट्टीने ओठ झाकले गेले, आवाज दबला, आणि प्रत्यक्ष भेट होऊनही बोलणे पोहोचेनासे झाले. काहींनी मग बोलणेच सोडून दिले.

विलगीकरणामुळे स्मृतिभ्रंश होतो का?

काही महिन्यांच्या विलगीकरणामुळे निरोगी माणसाला स्मृतिभ्रंश होतो, असे म्हणता येत नाही. मात्र ‘लॅन्सेट’च्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२० मध्ये टाळता येण्याजोग्या १२ जोखीम घटकांमध्ये आणि २०२४ मध्ये १४ घटकांमध्ये सामाजिक विलगीकरणाचा समावेश केला आहे, कमी ऐकू येणे हाही त्यांतलाच एक घटक आहे. ज्यांना आधीपासून स्मृतिभ्रंश होता, त्यांच्यात महासाथीच्या काळात गोंधळ, चिडचिड आणि विसर वाढल्याचे अनेक कुटुंबांनी सांगितले. त्यांना नेहमीचा फेरफटका आणि नेहमीचे चेहरे हवे असतात, आणि नेमके तेच गेले होते. अशा व्यक्तीचा दिनक्रम शक्य तितका पूर्ववत करणे आणि श्रवणाची तपासणी करून घेणे, या दोन गोष्टी कुटुंबाने आधी कराव्यात.

लहान मुलांवर आणि तरुणांवर काय परिणाम झाला?

महाराष्ट्रातील शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासूनचे वर्ग राज्यभर ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाले. काही भागांत मधे काही काळ काही वर्ग भरले होते, परंतु शहरांतील लहान मुले त्यानंतरही बराच काळ घरीच होती. अभ्यासाच्या नुकसानीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे वेगळी गोष्ट सांगायची आहे. मधल्या सुट्टीत डबा वाटून खाणे, खेळात ‘राज्य’ घेणे, भांडण होऊन कट्टी आणि मग बट्टी होणे, हे सारे मूल दुसऱ्या मुलाकडूनच शिकते, आईवडिलांकडून नाही. २०२१ च्या अखेरीस शाळेत परतलेल्या पहिली-दुसरीच्या मुलांना आपली पाळी येईपर्यंत थांबणे जमत नाही, असे शिक्षक आम्हाला सांगत होते. ही कमतरता भरून येणारी असते, मात्र त्यासाठी मुलांना मोकळा खेळ मिळावा लागतो. बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी खेळाचा तास काढून घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

तरुणांच्या बाबतीत ओळखी होण्याचे वयच निघून गेले. महाविद्यालयाचे पहिले वर्ष किंवा पहिली नोकरी ज्यांनी घरातल्या एका कोपऱ्यातून केली, त्यांना सहकाऱ्यांची नावे ठाऊक होती, पण त्यांच्याबरोबर चहा प्यायलेला नव्हता. गावाकडून शहरात आलेले आणि खोलीवर अडकलेले विद्यार्थी तर मेस बंद, बस बंद आणि घरी जाण्याची वाट बंद, अशा तिहेरी कोंडीत होते.

घरात सर्वजण असताना एकाकीपणा कसा येतो?

टाळेबंदीत स्त्रियांनी हा प्रश्न सर्वाधिक विचारला, बहुधा दबक्या आवाजात. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे दिवसभर एकत्र असताना स्वतःसाठी एक क्षणही मिळत नव्हता आणि मनातले बोलायला एकही माणूस नव्हते. मुंबईत कामावर जाणाऱ्या स्त्रीला लोकलच्या डब्यात मैत्रिणी भेटत, तेथे भाजी निवडता निवडता घरातले सांगून होई. ती लोकल २२ मार्च २०२० रोजी थांबली आणि सर्व स्त्रियांसाठी २१ ऑक्टोबर २०२० रोजी आणि इतर सर्वसामान्य प्रवाशांसाठी १ फेब्रुवारी २०२१ रोजी सुरू झाली, तीही ठरावीक वेळांतच. त्यातच ज्या घरांत मारहाण होती, तेथे बाहेरची वाट पूर्ण बंद झाली. तक्रारी वाढल्यामुळे राष्ट्रीय महिला आयोगाला एप्रिल २०२० मध्ये स्वतंत्र व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक जाहीर करावा लागला, कारण घरात सर्वांसमोर फोनवर बोलणे अनेकींना शक्य नव्हते.

अंत्यदर्शन न मिळालेल्यांचे दुःख अजूनही कमी होत नाही. हे स्वाभाविक आहे का?

होय, पूर्णपणे स्वाभाविक आहे, आणि याबद्दल थोडे सविस्तर बोलणे आवश्यक वाटते.

आपल्याकडे मृत्यूनंतरचे दिवस मुद्दामच माणसांनी भरलेले असतात. शेजारचे घर पहिल्या दिवशी पिठले-भात पाठवते. नातेवाईक भेटायला येतात, तेच तेच प्रश्न विचारतात आणि घरातली व्यक्ती तीच हकीकत दहा-वीस वेळा सांगते. शेवटचे काय बोलले, त्रास झाला का, कोण जवळ होते. बाहेरून हे रूढीचे ओझे वाटते, परंतु सांगून सांगूनच घडलेली गोष्ट मनाला पटत जाते. दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणारी माणसेही त्या वाट पाहण्यात एकमेकांच्या शेजारी उभी असतात.

महासाथीत रुग्णवाहिका दारातून गेली आणि पुष्कळ घरांनी आपले माणूस पुन्हा पाहिले नाही. अंत्यविधीला २० जणांची मर्यादा होती, आणि संसर्गाने मृत्यू झाला असेल तर अनेकदा तेवढेही जाऊ शकले नाहीत. घरातलेच इतर सदस्य विलगीकरणात असत. अस्थी कोणाच्या हाती आल्या, कोठे विसर्जित झाल्या, हे काहींना अजून नीट सांगता येत नाही. भेटायला कोणी आले नाही, म्हणून हकीकत सांगितली गेली नाही, म्हणून ती मनातच राहिली. त्यात ‘मी दवाखान्यात नेले नसते तर’, ‘मीच बाहेरून आजार आणला’, अशी अपराधाची भावना असेल, तर दुःख आणखी घट्ट होते.

दीर्घकाळ न ओसरणारे आणि दैनंदिन जीवन थांबवणारे दुःख ही आता वैद्यकीय वर्गीकरणातही स्वतंत्रपणे मान्य झालेली अवस्था आहे, आणि तिच्यावर उपचार उपलब्ध आहेत. प्रत्येक दुःख मात्र आजार नसते. आम्ही पाहिले, की राहून गेलेली गोष्ट उशिरा का होईना, केल्याने पुष्कळांना हलके वाटले. एका कुटुंबाने दोन वर्षांनंतरच्या वर्षश्राद्धाला सर्व नातेवाईकांना बोलावले आणि धार्मिक विधी थोडक्यात आटोपून दुपारभर फक्त वडिलांविषयी बोलायचे ठरवले. तेव्हा धाकट्या मुलीने रुग्णालयातून आलेल्या शेवटच्या फोनची हकीकत पहिल्यांदा सर्वांसमोर सांगितली. उशीर झाला, आता काय उपयोग, असे कृपया मानू नये.

बाधित कुटुंबांना वाळीत टाकल्यासारखे का वागवले गेले?

भीतीपोटी, आणि काही अंशी व्यवस्थेच्या पद्धतीमुळेही. मार्च २०२० मध्ये गृहविलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर न पुसल्या जाणाऱ्या शाईचा शिक्का मारण्याचा निर्णय महाराष्ट्रात घेतला गेला. हेतू संसर्ग रोखण्याचा होता, परंतु असे शिक्के दिसल्यामुळे चार प्रवाशांना पालघर येथे रेल्वेतून उतरवण्यात आले. इमारतींना लावलेले फलक आणि बांबू यांनीही असाच परिणाम साधला. रुग्णांची सेवा करणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना घरमालकांनी खोल्या सोडण्यास सांगितले; त्यांच्यावरील हल्ल्यांविरुद्ध एप्रिल २०२० मध्ये अध्यादेश काढावा लागला. बऱ्या झालेल्या माणसाकडे महिनाभर कोणी फिरकले नाही, की त्याचे विलगीकरण कागदावर संपले तरी प्रत्यक्षात संपत नाही.

या भीतीला आपल्याकडे जुना इतिहास आहे. १८९६ मध्ये मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा सोल्जरांकरवी घरझडत्या झाल्या आणि रुग्णांना व त्यांच्या कुटुंबीयांना बळजबरीने छावण्यांत नेले गेले. लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी पुण्यातील प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यामागे हा रोष होता. मार्च २०२० मध्ये राज्यात जो साथरोग कायदा लागू करण्यात आला, तोही त्याच १८९७ सालचा. मात्र त्याच पुण्यात दुसरेही एक उदाहरण आहे. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. त्यांचा दवाखानाही शहरापासून दूरच होता, पण तेथे रुग्णाला आपले म्हणणारे माणूस जवळ होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथे आणले, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

व्हिडिओ कॉलने प्रत्यक्ष भेटीची उणीव भरून निघते का?

काही प्रमाणात भरून निघते. आधीपासून घट्ट असलेले नाते दूरध्वनीवर टिकते. परदेशातील मुलाशी रोज बोलणाऱ्या आईवडिलांना हे आधीच माहीत होते. ओळखीपाळखीचे, जाता-येता भेटणारे नाते मात्र फोनवर टिकत नाही, कारण दुधाच्या दुकानदाराला कोणी व्हिडिओ कॉल करत नाही. आमच्या अनुभवात आवाजाचा साधा फोन ज्येष्ठांना अधिक मानवला. पडद्यावर स्वतःचाच चेहरा पाहत बोलणे अनेकांना अवघड जाई आणि फोन कानाला लावण्याच्या सवयीमुळे समोरच्याला कान दिसत राही.

एकत्र काहीतरी करणे हे निव्वळ बोलण्यापेक्षा उपयोगी पडले. २०२० मध्ये पायी वारी झाली नाही, पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. आमच्या यादीतील एका दिंडीकऱ्यांनी मग आपल्या दिंडीतल्या सोबत्यांना रोज पहाटे एकाच वेळी फोन लावून हरिपाठ म्हणायला सुरुवात केली. आवाज मागे-पुढे पोहोचत, ताल जुळत नसे, तरी आषाढी एकादशीपर्यंत त्यांनी एकही दिवस चुकवला नाही.

हे परिणाम कायम राहतात का?

बहुतेकांचे राहत नाहीत. निर्बंध उठल्यावर बहुसंख्य लोक पूर्ववत झाले, आणि हे स्पष्ट सांगणे गरजेचे आहे, कारण ‘महासाथीने पिढी बिघडली’ यासारखी विधाने विनाकारण भीती पसरवतात. परंतु काही जण बाहेर पडलेच नाहीत. कट्ट्यावरचे दोन सोबती दगावले, गुडघे आखडले, गर्दीची धास्ती बसली, आणि घरात बसण्याची सवय झाली. एकाकीपणाचा एक घातक गुण असा आहे, की तो माणसाला लोकांपासून आणखी दूर नेतो. बोलावणे आले नाही तर दुर्लक्ष केले असे वाटते आणि आले तर केवळ औपचारिकता म्हणून बोलावले असे वाटते. त्यामुळे ज्याला सोबत सर्वांत जास्त हवी, तोच ती नाकारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने २०२५ च्या अहवालात जगातील दर सहा व्यक्तींपैकी एक एकाकीपणाने ग्रस्त असल्याचे नमूद केले आहे. हा प्रश्न साथीबरोबर सुरू झाला नव्हता आणि साथीबरोबर संपलेलाही नाही.

मदत कधी आणि कोठे मागावी?

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडलेली असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, आंघोळ, औषधे, स्वयंपाक यांकडे दुर्लक्ष होत असेल, तर आधी नेहमीच्या डॉक्टरांशी बोलावे. जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलून दाखवत असेल, तर ‘असे बोलू नये’ म्हणून विषय बंद करू नये. शांतपणे ऐकावे, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि लगेच मदत घ्यावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७, मुलांसाठी १०९८, संकटातील स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. ते मोठ्या अक्षरांत लिहून ज्येष्ठांच्या फोनजवळ चिकटवावेत.

पुन्हा साथ आली तर गृहनिर्माण संस्थेने किंवा गावाने काय तयारी ठेवावी?

एकट्या राहणाऱ्यांची यादी आजच असावी आणि ती वर्षातून एकदा तपासली जावी. २०२० मध्ये आमचे पहिले दोन आठवडे यादी करण्यातच गेले. प्रत्येक व्यक्तीसाठी एकच ठरलेला माणूस असावा, रोज वेगळा आवाज नको. विलगीकरण का आहे, किती दिवसांचे आहे आणि कधी संपणार आहे, हे लेखी सांगावे, कारण अनिश्चितता माणसाला एकटेपणाइतकीच खचवते. मैदानात किंवा गच्चीवर अंतर राखून भेटण्याची सोय पहिल्या दिवसापासून करावी. रुग्णाला भेटता येत नसेल, तर निदान काचेपलीकडून दर्शन आणि रोज एक फोन एवढे रुग्णालयाकडे आग्रहाने मागावे.

शेजारच्या एकट्या ज्येष्ठांना फोन केला, तर काय बोलावे?

‘कसे आहात?’ याचे उत्तर ‘बरे आहे’ असे येते आणि बोलणे तेथेच संपते. त्याऐवजी त्यांना ठाऊक असलेले काहीतरी विचारावे. मे २०२० मध्ये आमच्यातील एका तरुणाने त्या चार वाजताच्या आजींना कैरीच्या लोणच्याला मीठ किती घालायचे, असे विचारले. आजींनी प्रमाण सांगितले, फोडी आधी पुसून घ्यायला सांगितल्या, आणि दुसऱ्या दिवशी मोहरी फेसली की नाही याची चौकशी करायला स्वतः फोन केला, तोही तीन वाजताच. मदत मिळण्यापेक्षा आपला कोणाला उपयोग होतो आहे, हे कळण्याने माणूस अधिक सावरतो, असा आमचा अनुभव आहे.

फोन फार लांबवण्याची गरज नसते. दहा मिनिटे पुरतात. वेळ मात्र ठरलेली असावी आणि ती चुकवू नये, कारण पलीकडचे माणूस त्याआधी अर्धा तास फोनजवळ येऊन बसलेले असते. एखाद्या दिवशी जमणार नसेल, तर तसे आदल्या दिवशीच सांगावे.